त्या फोटोतल्या माणसाचं नाव काय?

२०२४ च्या गॅदरिंगला आपल्या फोटोग्राफी प्रदर्शनात एका ब्लॅक अँड व्हाइट फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बऱ्याच जणांना आठवत असेल. बंद पडलेलं छोटं स्टेशन, पोपडे निघालेली भिंत, रुळांमध्ये वाढलेलं गवत आणि ओट्यावर पाय सोडून एकटाच बसलेला, डोक्याला दुपट्टा बांधलेला म्हातारा. खाली शीर्षक, 'न येणारी गाडी'. परीक्षकांनी भाषणात त्या फोटोचा खास उल्लेख केला. एका गावाचं मरण एका फ्रेममध्ये आलंय वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. बक्षिसाची रक्कम आमच्या विंगमधल्या पोरांनी त्याच रात्री ढाब्यावर वसूल केली.

तो फोटो माझा होता. आणि आज हे लिहायला बसलोय त्याचं कारण एवढंच, की तो फोटो खोटा होता.

फोटोशॉप केलं होतं का? तर नाही. रंग काढले, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला आणि डावीकडून फ्रेम कापली. स्पर्धेच्या नियमात हे सगळं बसतं. पण कापलेल्या डाव्या बाजूला काय होतं ते ऐका. तिथे सात-आठ पोरं क्रिकेट खेळत होती. विटांचे स्टंप, टेनिसचा बॉल, चौकार गेला की नाही यावरून भांडण. ही पोरं फ्रेममध्ये आली तर फोटोचा 'मूड' जाईल असं वाटलं, म्हणून मी त्यांना उडवलं. म्हातारा तेवढा ठेवला.

मे महिन्यात घरी गेलो. माझं गाव दर्यापूर, अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. बाजारात तेच काकाजी समोर आले आणि त्यांनी मला बरोबर ओळखलं.

"काहून रे पोट्ट्या, दिवाळीत माहा फोटू काढून नेला, थो मले दाखवला नाई मंग?"

मी मोबाईल काढून दाखवला. बक्षीस मिळालं हेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "आन् आमचा नातू कुठी हाय याच्यात?"

त्या पोरांमध्ये त्यांचा नातू होता. काकाजी कुठल्याही न येणाऱ्या गाडीची वाट पाहत नव्हते. ते नातवाची बॅटिंग बघत होते. रोज संध्याकाळी बघतात. मी म्हणालो, तो कापला. "काहून?" या काहूनला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो बरा दिसतो म्हणून, असं काहीतरी पुटपुटलो. ते हसले आणि म्हणाले, "मंग मले येकटाच बसवला तुनं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता त्या स्टेशनाबद्दल. कारण फोटो बघून कुणालाही वाटेल की गाडी काय, येत होती, बंद पडली, काळाचा महिमा. तसं नाही. आमच्याकडे धावायची ती शकुंतला. यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी नॅरोगेज लाइन, दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. कशासाठी? वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर आणायचा, तिथून मुंबई बंदर आणि तिथून मँचेस्टर. गंमत म्हणजे या लाइनवर सत्तर वर्षं राबलेलं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. १९९४ मध्ये ते काढून डिझेल इंजिन लावलं. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या लाइनची मालकी स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वे आणि कंपनीला त्याचा मोबदला मिळायचा. या विचित्र व्यवस्थेत नवे रूळ टाकायची घाई कुणालाच नव्हती. दरम्यान कापूस ट्रकवर गेला, माणसं एसटीवर गेली, गाडीचा वेग कमी होत गेला आणि शेवटी ती बंद झाली. २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. ती गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून आमच्या भागातल्या लोकांनी निवेदनं दिली, सत्याग्रह केले.

म्हणजे मेलं ते गाव नाही. बंद पडली ती एक गाडी, आणि तिला कारणं होती. मालकी, पैसा, दुरुस्ती, निर्णय. माझ्या फोटोत यातलं काहीही नव्हतं. गवत होतं, आणि गवत बघितलं की बघणाऱ्याला वाटतं, हे आपोआप झालं. कुणाला जाब विचारायची गरजच नाही. पडक्या गोष्टींचे सुंदर फोटो काढण्यात मला आता हीच सगळ्यात मोठी अडचण वाटते. ते फोटो कारण लपवतात.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. त्या दिवशी बाजारात चहा पिता पिता मी काकाजींना विचारलं, तुम्ही रेल्वेत होता का? (बक्षीस घेताना मी स्टेजवर 'एका जुन्या रेल्वे कामगाराचा फोटो' असं ठोकून दिलं होतं.) ते म्हणाले, रेल्वेत कधीच नव्हतो. जिनिंगमध्ये फिटर होतो. एकतीस वर्षं.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. समोर एकतीस वर्षांचा फिटर बसलेला, आणि मी त्याला फ्रेममध्ये 'एलिमेंट' म्हणून वापरून मोकळा झालो होतो. मग त्यांनी चहाच्या टेबलावर बोटाने काढून मला डबल रोलर जिन समजावला. दोन रोलर, त्यांच्यावर चामडं. कापसाचे तंतू चामड्याच्या खरबरीत पृष्ठभागाला चिकटतात आणि रोलर त्यांना स्थिर सुरीखालून ओढून नेतो. सरकी मोठी असते, ती सुरीशी अडते. वरखाली होणारी दुसरी सुरी तिला ठोकते, सरकी सुटून खाली जाळीतून पडते आणि रुई पुढे जाते. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई, बाकी बहुतेक सरकी. सगळी कमाल चामड्याची. ते घासून गुळगुळीत झालं की पकड सुटते, म्हणून त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. खाच उथळ पडली तर काम मंदावतं. सुरीचा दाब जास्त झाला तर चामडं तापतं आणि तंतूची वाट लागते. दाब किती ठेवायचा हे ते मशीनच्या आवाजावरून ओळखायचे. थिअरी ऑफ मशिन्सच्या एका चॅप्टरला मला जेवढं कळलं नसेल तेवढं त्या अर्ध्या तासात कळलं.

ही माहिती कुठल्या फोटोत मावणार होती? मावली असती. फोटोखालच्या चार ओळींत मावली असती. मी विचारलंच नाही, म्हणून आली नाही.

आपल्याला प्रॅक्टिकलला पहिल्याच आठवड्यात काय शिकवतात? रीडिंगसमोर युनिट नसेल तर शून्य मार्क. नुसतं '४२' लिहिलं तर सर विचारतात, बेचाळीस काय, न्यूटन की केळी? मला वाटतं, नाव, गाव, तारीख आणि काम न लिहिलेला फोटो म्हणजे युनिट नसलेलं रीडिंग. आकडा बरोबर असेलही, पण त्याचा उपयोग काय? आपला कॅमेरा तर जन्मजात जर्नल लिहिणारा आहे. शटर स्पीड, ॲपर्चर, तारीख, वेळ, सगळं फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदवतो. फक्त समोरच्या माणसाचं नाव नोंदवत नाही. ते काम आपलं. आणि तोच फोटो आपण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली नोंदही पुसली जाते. पाच वर्षांनी त्या फोटोबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही.

हा प्रश्न माझ्यासारख्या हौशी पोरांचाच आहे असं नाही. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या एका शेतीविषयक खात्याने खेड्यापाड्यांचे आणि छोट्या गावांचे फोटो काढायला फोटोग्राफर नेमले होते. १९३५ पासून पुढची काही वर्षं हे काम चाललं. प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. तो फोटोग्राफरना काय काय टिपायचं याच्या याद्या पाठवायचा आणि कॅप्शन लिहून आणा म्हणून मागे लागायचा. आज त्यातल्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि आपल्या हॉस्टेलच्या रूममध्ये बसूनही पाहता येतात. नव्वद वर्षांपूर्वी कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात काय चाललं होतं ते कळतं, कारण बहुतेक फोटोंखाली चार शब्द लिहिलेले आहेत.

पण त्यातला सगळ्यात गाजलेला फोटो बघा. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, मजुरांचा तळ. कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन पोरं खांद्यामागे तोंड लपवून. 'मायग्रंट मदर'. फोटोग्राफर डोरोथिया लँग. तिने त्या बाईचं नाव विचारलं नाही, हे पुढे तिनेच लिहिलंय. फोटो पेपरात आला, सरकारने त्या तळावर अन्न पाठवलं, पण तोवर ते कुटुंब तिथून पुढे गेलेलं होतं. फोटो जगभर छापला गेला. बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे लोकांना कळलं १९७८ मध्ये, तब्बल बेचाळीस वर्षांनी. लँगने लिहिलं होतं की या लोकांनी अन्नासाठी मोटारीचे टायर विकले. घरच्यांनी सांगितलं, असं झालंच नव्हतं. त्या फोटोचं बाईंना काही मिळालं नाही, आणि त्याचा त्यांना त्रासच झाला. लँग वाईट बाई होती असं मी म्हणत नाही. तिच्या फोटोमुळे भुकेल्या माणसांपर्यंत अन्न पोचलं, माझ्या फोटोने फक्त ढाब्याचं बिल भरलं. पण एवढ्या मोठ्या फोटोग्राफरकडूनही एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि त्याची किंमत समोरच्या बाईने मोजली.

आता आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण देतो. जत्रेतले तंबू सिनेमे, म्हणजे टुरिंग टॉकीज, तुमच्यापैकी काहींनी लहानपणी पाहिले असतील. अमित मधेशिया या फोटोग्राफरने महाराष्ट्रातल्या या तंबूंचे फोटो काढले, आणि २०११ साली त्यांना वर्ल्ड प्रेस फोटोचं पारितोषिक मिळालं. त्या फोटोंत फाटका तंबू मुख्य नाही. पडद्याच्या उजेडात उजळलेले बघणाऱ्यांचे चेहरे आहेत. कुणी हसतंय, कुणी तोंड उघडं टाकून बघतंय. पुढे शर्ली अब्राहम आणि त्यांनी मिळून याच विषयावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात तंबूंचे मालक आहेत आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक मेकॅनिकही आहे. आपण इंजिनिअर लोकांनी तर त्या मेकॅनिकसाठी तो बघावा. रीळ जाऊन डिजिटल येतं, धंदा मोडतो, हे सगळं त्यात आहे. पण मोडणाऱ्या धंद्यातली माणसं शेवटपर्यंत कामात आहेत. कुणी त्यांना ओट्यावर एकटं बसवलेलं नाही.

आणि आणखी एक जागा, जिकडे आपण कधीच बघत नाही. गावातला फोटो स्टुडिओ. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या सुहाग स्टुडिओतल्या सुरेश पंजाबी यांच्या जुन्या फोटोंवर ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकाने २०१३ साली 'आर्टिझन कॅमेरा' नावाचं अख्खं पुस्तक केलं. स्टुडिओत लोक स्वतःहून यायचे. हिरोसारखं उभं राहायचं, हातात टेलिफोनचा रिसीव्हर धरायचा, नवी साडी, नवं घड्याळ. आपण कसे दिसावं हे फोटोग्राफर नव्हे, गिऱ्हाईक ठरवायचं. आणि प्रिंट घेऊन जायचं! मुद्दा हाच आहे. गावातला फोटोवाला प्रिंट दिल्याशिवाय पैसेच मागू शकत नव्हता. आपण मात्र प्रिंट न देता बक्षीस घेऊन येतो. तुमच्या गावातल्या जुन्या स्टुडिओत निगेटिव्हच्या खोक्यांचं काय झालं, कधी विचारलंय? मी विचारलं. आमच्या इथल्या एका स्टुडिओवाल्याने सांगितलं, जागा अडते म्हणून भंगारात दिल्या. एका गावाची तीस-पस्तीस वर्षांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं गेलं. पडक्या भिंतीचा फोटो काढायला आपण दोनशे किलोमीटर जाऊ, पण या खोक्यांकडे कुणी बघितलं नाही.

यावर क्लबातल्या मित्रांचं म्हणणं मला माहीत आहे. 'फोटोला कॅप्शन लागली म्हणजे फोटो फसला. चांगला फोटो स्वतः बोलतो.' मीही हेच म्हणायचो. आता माझं उत्तर असं, की बोलतो खरा, पण कुणाच्या वतीने? माझा फोटो छान बोलला, आणि जे बोलला ते काकाजींबद्दल खोटं होतं. धुक्यातल्या झाडाला कॅप्शन नसली तरी चालेल, झाड तक्रार करत नाही. माणसाला चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की मग काय गावं उजाड होतायत हे दाखवायचंच नाही का? जरूर दाखवा. बंद जिन दाखवा, बंद थिएटर दाखवा, पट कमी झाला म्हणून रिकामा पडलेला शाळेचा वर्ग दाखवा. पण सोबत लिहा की हे कधी बंद झालं, का झालं, आणि तिथे काम करणारा माणूस आज काय करतो. आणि कापलेल्या बाजूला क्रिकेट चालू असेल तर तेही येऊ द्या, कारण तेही खरंच आहे.

शिवाय एक कबुली देऊन टाकू. आपण हॉस्टेलमधली बहुतेक पोरं-पोरी अशाच गावांतून आलोय. बारावीनंतर निघालो, आणि नोकरी लागली की पुण्याला, बंगलोरला जाणार. परत जाणारे किती, हात वर करा बरं! मीही नाही करणार. त्यात गुन्हा काही नाही, पोट आहे. पण गाव रिकामं होतंय म्हणून हळहळत फोटो काढणारे आपण, आणि ते रिकामं करणाऱ्यांच्या यादीतही आपण. निदान त्या फोटोत तरी उगाच रिकामं दाखवू नये, एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून तीन सूचना करतो. वाङ्मय मंडळ, फोटोग्राफी क्लब आणि लायब्ररीतल्या सर-मॅडमनी विचार करावा.

एक, पुढच्या गॅदरिंगपासून माणसाच्या प्रत्येक फोटोखाली चार ओळी सक्तीच्या करा. नाव, गाव, तारीख, काम. नाव द्यायचं नसेल तर तसं त्या माणसाने सांगितलेलं असावं, आपण विसरलो म्हणून नव्हे.

दोन, प्रदर्शनात लावण्याआधी एक प्रिंट त्या माणसाच्या हातात गेलेली असावी. छोट्या प्रिंटचा खर्च आपल्या कँटीनच्या एका चहा-नाश्त्यापेक्षा जास्त नाही.

तीन, या हॉस्टेलमध्ये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याचं कुणी ना कुणी आहे. प्रत्येकाने दिवाळीत आपल्या गावाचे फक्त दहा फोटो, व्यवस्थित माहितीसह, आणून लायब्ररीच्या हार्ड डिस्कवर टाकावेत. घरच्या अल्बममधले जुने फोटोही चालतील, फक्त आजी-आजोबांना विचारून मागे कोण कोण ते लिहून आणा. विचारायला माणसं आहेत तोवरच हे होईल. चार वर्षांत जे जमेल ते कुठल्याही बक्षीसपात्र फोटोपेक्षा मोलाचं असेल.

शेवटी काकाजींचं. २०२४ च्या दिवाळीत पुन्हा स्टेशनवर गेलो. तोच ओटा, तीच वेळ. या वेळी लेन्स वाइड ठेवली. डावीकडे पोरं, मध्ये रूळ, उजवीकडे काकाजी. फोटो म्हणून ठीकच आहे, बक्षीस मिळणार नाही. नातू नेमका त्याच क्षणी क्लीन बोल्ड झालाय, त्यामुळे तो नाराज. पण मोठी प्रिंट काढून घरी नेऊन दिली. काकाजींनी ती आधी सुनेला दाखवली, मग शेजारी दाखवली. मी पेन पुढे केलं आणि म्हणालो, मागे काय लिहू ते सांगा. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं. आधी नातवाचं नाव, मग स्वतःचं, आणि त्यापुढे 'जिन फिटर'.

त्यांचं नाव इथे छापू का, हेही विचारलं होतं. म्हणाले, "फोटूवर राहू दे. पुस्तकात नोको." म्हणून इथे नाही. जुना फोटो मी क्लबच्या भिंतीवरून काढून आणलाय. त्या जागी काय लावायचं ते येत्या दिवाळीनंतर तुम्हीच ठरवा.